जोडीदाराच्या पश्चात : आयुर्विम्याच्या दाव्याची वाट

पतीच्या किंवा पत्नीच्या निधनानंतर घरातील माणूस बँकेत प्रथम येतो, तो बहुधा खात्यासंबंधी चौकशी करण्यासाठी. विम्याचा विषय मागाहून निघतो आणि तोही पुष्कळदा चुकून. पासबुकातील एखादी नोंद दाखवून अधिकारी विचारतो, ‘ही दरवर्षी कापली जाणारी रक्कम कशाची?’ आणि समोरची व्यक्ती निरुत्तर होते. आपल्याकडे विमा उतरवणारा माणूस हप्ते नेमाने भरतो. परंतु पॉलिसी कोठे ठेवली आहे, नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे, हे घरात सांगणे त्याला अशुभ वाटते. या संकोचाची किंमत त्याच्या पश्चात राहणाऱ्या जोडीदाराला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात दाव्याची प्रक्रिया क्रमाने समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. कायदा कोठे बदलला आहे, याकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. कारण जुन्या ऐकीव माहितीवर विसंबणारे आजही पुष्कळ आहेत.

आयुर्विमा मराठी माणसाला नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी स्थापन केली होती. पुढे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत, जानेवारी 1956 मध्ये, या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशी-विदेशी मिळून 245 संस्थांचा कारभार एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. 2000 सालापासून खासगी कंपन्याही या क्षेत्रात आहेत. त्यामुळे आज दिवंगत व्यक्तीची पॉलिसी महामंडळाचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. रायपूरमध्ये विमा म्हटले की पावले आपोआप पंडरीकडील महामंडळाच्या कार्यालयाकडे वळतात; पण तेथे ‘या नावाची पॉलिसी नाही’ असे उत्तर मिळाले, तर शोध संपला असे समजू नये.

शोधाचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे बँकेचे खातेपुस्तक. बहुतेक हप्ते वार्षिक किंवा सहामाही असतात, म्हणून निदान सलग दीड वर्षाचा उतारा मागून घ्यावा आणि एकेक नोंद वाचावी. मे महिन्याच्या अखेरीस 436 रुपये वजा झाले असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना होय; 20 रुपये वजा झाले असतील, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. गृहकर्ज घेताना कर्जाबरोबरच विमा उतरवला गेला असेल, तर त्याचा हप्ता एकदाच, कर्जवाटपाच्या वेळी कापलेला असतो. तो उताऱ्यात सापडत नाही, म्हणून कर्जाची फाइल पाहावी लागते. उरला किंवा सिलतरा येथील कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांनी आणखी एक गोष्ट विचारावी. दिवंगत व्यक्ती भविष्य निर्वाह निधीची सभासद असताना निधन झाले असेल, तर 1976 च्या ठेवसंलग्न विमा योजनेखाली वेगळी रक्कम मिळते. तिची कमाल मर्यादा 7 लाख रुपये आहे. या योजनेसाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही, वर्गणी मालक भरतो. त्यामुळे घरच्यांना तिचे नावही ठाऊक नसते.

मृत्यूच्या दाखल्याविना पुढचे पाऊल पडत नाही. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावयाची असते. त्यानंतरही नोंद होऊ शकते. मात्र विलंबशुल्क, वरिष्ठांची परवानगी आणि एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश अशा पायऱ्या वाढत जातात. ज्या ठिकाणी मृत्यू घडला तेथेच नोंद होते, राहत्या गावी नव्हे, ही गोष्ट रायपूरकर मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. उपचारासाठी नागपूरला जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तेथील इस्पितळात निधन झाले, तर दाखला नागपूर महानगरपालिकेचा मिळेल. रायपूर नगर निगमच्या खिडकीवर कितीही खेटे घातले तरी तो येथे मिळणार नाही. अंत्यविधीची घाई, परतीचा प्रवास आणि तेरा दिवसांची गडबड यांत हे काम मागे राहते. शक्य तर नागपूर सोडण्यापूर्वीच इस्पितळाने नोंद पाठविली आहे ना, याची खात्री करावी आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. विमा कंपनी, बँक, निवृत्तिवेतन आणि घराची नोंद या प्रत्येक ठिकाणी एक लागते.

दाखला हाती आल्यावर तो तेथेच, खिडकीसमोर उभे राहून, अक्षर अन् अक्षर वाचावा. मराठी कुटुंबांच्या दाव्यांतील विलंबाचे एक नित्याचे कारण केवळ नावांतील विसंगती हे असते आणि त्याला आपल्या चालीरीती बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव लिहितो. छत्तीसगढमधील कागदपत्रांत मधले नाव वेगळ्या रकान्यात जाते किंवा गळून पडते. विवाहात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा अनेक घरांत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पॉलिसीत नॉमिनी म्हणून ‘सौ.’ लावलेले दुसरे आणि आधार कार्डावर तिसरेच, अशी स्थिती होते. तिन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे तिला स्वतःला सांगण्याची गरज कधी वाटलेली नसते. पण विमा अधिकाऱ्याला ते कागदावरून कळावे लागते. विवाह नोंदणीचा दाखला असल्यास प्रश्न लवकर मिटतो. नसल्यास एकाच व्यक्तीची दोन्ही नावे असल्याचे शपथपत्र करावे लागते. हे काम दावा दाखल करण्यापूर्वी उरकावे, कारण त्रुटीचे पत्र आल्यावर मुदतीची गणना पुन्हा लांबते.

आता दाव्याकडे वळू. पॉलिसी ज्या शाखेत आहे तिला प्रथम साध्या कागदावर निधनाची सूचना द्यावी. त्यात पॉलिसी क्रमांक, निधनाची तारीख, स्थळ, कारण आणि दावेदाराचे नाते एवढे पुरते. त्यानंतर शाखा नमुने देते. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, दावेदाराचे निवेदन, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि रक्कम जमा करण्यासाठी बँक खात्याचा तपशील हा सर्वसाधारण संच होय. खाते दावेदाराच्या स्वतःच्या नावे असावे लागते. ज्या गृहिणींचे सर्व व्यवहार पतीच्याच खात्यातून चालत असत, त्यांनी हे खाते लगेच उघडावे. मूळ पॉलिसी सापडत नसेल तर दावा बुडत नाही. मुद्रांकावर क्षतिपूर्तीचे बंधपत्र देऊन काम पुढे नेता येते.

पॉलिसी घेतल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यापासून तीन वर्षांच्या आत निधन झाले असेल, तर मात्र कागदांची संख्या वाढते. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, इस्पितळाचे प्रमाणपत्र, अंत्यविधीस उपस्थित असलेल्या त्रयस्थ व्यक्तीचे प्रमाणपत्र आणि नोकरी असल्यास मालकाचे प्रमाणपत्र मागितले जाते. हा अविश्वास आहे असे कुटुंबाला वाटते आणि त्यांचे दुःख त्यामुळे अधिक वाढते, हे खरे आहे. परंतु तपासाला कायद्याने मर्यादाही घातली आहे. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणास्तव पॉलिसीबद्दल वाद उपस्थित करता येत नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. पण फसवणूक झाल्याचे दाखवता आले, तर दोन वर्षांनंतरही दावा नाकारता येत असे. मिठूलाल नायक प्रकरणात 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे दावा फेटाळला होता. विमाधारकाने आधी घेतलेले उपचार प्रस्तावात लपविले होते. म्हणून प्रस्ताव भरताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया ही माहिती एजंटाच्या भरवशावर सोडू नये. ‘नाही’ या रकान्यावर खूण करणारा हात एजंटाचा असला, तरी सही आपली असते.

अपघाती निधनात पोलीस कागद लागतात. महाराष्ट्रात ज्याला आपण ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणतो, त्याला छत्तीसगढच्या पोलीस ठाण्यात ‘मर्ग’ म्हणतात. हा शब्द ठाऊक नसल्याने महाराष्ट्रातून धावून आलेले नातेवाईक गोंधळतात. मर्ग सूचना, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मागून घ्याव्यात. सर्पदंशाबद्दल मुद्दाम लिहितो. आपल्या प्रदेशात पावसाळ्यात अशा घटना घडतात आणि कुटुंबीय शोकाच्या भरात इस्पितळात न जाताच अंत्यसंस्कार उरकतात. मग तो मृत्यू अपघाती होता हे सिद्ध करणारा एकही कागद उरत नाही. सुरक्षा विमा योजनेत सर्पदंशासारख्या घटनेसाठी तत्काळ केलेली इस्पितळातील नोंद हाच मुख्य आधार मानला जातो.

नॉमिनी आणि वारस

एवढे झाल्यावर खरा कळीचा प्रश्न येतो : रक्कम कोणाची? वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण दीर्घकाळपर्यंत या प्रश्नाचे उत्तर ‘नॉमिनीची’ असे नव्हते. डेहराडूनच्या एका गृहस्थांनी महामंडळाच्या प्रत्येकी 10,000 रुपयांच्या दोन पॉलिसी घेऊन पत्नीचे नामनिर्देशन केले होते. 1967 मध्ये मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, मुलगा आणि आई असे तीन वारस राहिले. पत्नी म्हणाली, नॉमिनी मी, रक्कम माझी. आई आणि मुलगा म्हणाले, वाटा आमचाही आहे. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या नावाने प्रसिद्ध असलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर 1983 मध्ये निकाल लागला : नॉमिनी ही केवळ रक्कम स्वीकारणारी व्यक्ती आहे, तिच्या हाती आलेली रक्कम दिवंगताच्या संपत्तीचाच भाग असून ती वारसा कायद्यानुसार वाटली गेली पाहिजे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असल्याने आईचा हक्क तेथे मान्य झाला. वीस हजार रुपयांसाठी सोळा वर्षे सासू-सुनेत न्यायालयीन लढा चालला, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत एका ओळीत येते.

2015 च्या दुरुस्तीने विम्यापुरते चित्र पालटले. नव्या कलम 39 नुसार विमाधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांपैकी कोणाचे नामनिर्देशन केले असेल, तर ती व्यक्ती रकमेची लाभधारक नॉमिनी ठरते, म्हणजे केवळ स्वीकारणारी नव्हे, तर रकमेची हक्कदार. भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर त्याला ही तरतूद लागू होत नाही. बँकेतील ठेवी आणि समभाग यांनाही ती लागू नाही. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीसंबंधी उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले की, कंपनी कायद्याखालील नामनिर्देशन वारसा हक्कावर मात करीत नाही. म्हणजे एकाच घरातील एकाच कपाटात असलेली विमा पॉलिसी आणि मुदत ठेवीची पावती यांना दोन निराळे नियम आहेत.

या बदलामुळे पत्नीचे हित साधले असे वाटेल. पण तसे प्रत्येक घरात होत नाही. आपल्याकडे मुलाला नोकरी लागली की लगोलग पहिली पॉलिसी घेतली जाते. तेव्हा तो अविवाहित असतो, म्हणून नॉमिनी आई किंवा वडील. पुढे विवाह होतो, मुले होतात, पॉलिसी चालूच राहते आणि नाव बदलायचे राहून जाते. निधन झाले की कंपनी रक्कम आईला देते, आणि नव्या कलमाचा सरळ अर्थ घेतला तर ती आईचीच. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे नेमके असेच प्रकरण आले होते. 2025 मध्ये त्या न्यायालयाने इतर वारसांनी हक्क सांगितला असता लाभधारक नॉमिनीलाही वारसा कायदा डावलता येत नाही, असे मानून आई, पत्नी आणि मूल यांना समान हिस्सा दिला. कलमाचे शब्द एकीकडे आणि हा निकाल दुसरीकडे. अशा संदिग्धतेत आपल्या जोडीदाराला लोटण्यापेक्षा एक पानी अर्ज भरून नामनिर्देशन बदलणे किती सोपे! आईची तरतूद करावयाची असेल तर ती अवश्य करावी, आणि एकापेक्षा अधिक नॉमिनी ठेवून प्रत्येकाचा वाटा टक्केवारीत लिहिता येतो. अनवधानाने राहिलेले नाव आणि विचारपूर्वक ठेवलेले नाव यांत मोठा फरक आहे.

नॉमिनी अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी व्यक्ती नेमावी लागते. नॉमिनी आधीच दिवंगत असेल किंवा नामनिर्देशनच नसेल, तर कंपनी वारसाहक्काचा पुरावा मागते. मोठ्या रकमेसाठी जिल्हा न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागते आणि त्याला महिने लागतात. याच्या उलट टोकाला 1874 चा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा आहे. त्याच्या कलम 6 खाली पतीने घेतलेली पॉलिसी ही पत्नी व मुलांसाठीचा विश्वस्तनिधी मानली जाते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. व्यापारी, कंत्राटदार आणि कर्जावर व्यवसाय करणारे यांनी याचा विचार अवश्य करावा. मात्र ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते.

कर्जासाठी पॉलिसी बँकेकडे अभिहस्तांतरित केली असेल, तर पुष्कळांचा समज असा की सारी रक्कम बँक घेणार. तसे नाही. बँकेचा हक्क तिच्या येण्यापुरताच आहे, उरलेली रक्कम नॉमिनीचीच. कर्ज पूर्वीच फिटले असेल तर पॉलिसी आपल्या नावे परत करून घेतली आहे काय, हे मात्र तपासावे.

हप्ते थकले होते म्हणून पॉलिसी रद्दीत टाकू नये. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यास 30 दिवसांची आणि मासिक हप्त्यास 15 दिवसांची सवलतीची मुदत असते. त्या काळात निधन झाले तर थकीत हप्ता वजा करून पूर्ण रक्कम मिळते. काही वर्षांचे हप्ते भरून पॉलिसी बंद पडली असेल, तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम देय असू शकते. निर्णय कंपनीला करू द्यावा, आपण आधीच हार मानू नये.

मुदत, तक्रार आणि आपली शाखा

सर्व कागद मिळाल्यानंतर तपासाची गरज नसलेला मृत्युदावा 15 दिवसांत आणि तपास आवश्यक असल्यास 45 दिवसांत निकाली काढावा, असे विमा नियामक प्राधिकरणाचे 2024 पासूनचे बंधन आहे. विलंब झाल्यास बँकदरापेक्षा 2 टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. हे व्याज मागावे लागू नये हे खरे, पण मागण्यात संकोच मानू नये. दावा नाकारला गेला तर कारण लेखी घ्यावे, प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. छत्तीसगढसाठी लोकपालांचे कार्यालय भोपाळ येथे आहे. 50 लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या तेथे ऐकल्या जातात. शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे.

जीवन ज्योती आणि सुरक्षा या दोन योजनांचे दावे थेट बँकेच्या शाखेत स्वीकारले जातात, म्हणून सहकाऱ्यांनाही दोन शब्द. खातेदाराच्या निधनाची सूचना घेऊन कोणी आले की खाते गोठवण्याआधी या दोन नोंदी पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. समोरची व्यक्ती विचारणार नाही, कारण तिला ठाऊकच नसते. विशेषतः पत्नीचे निधन झाले असेल तर पतीला तिच्या बचत खात्यातून जाणाऱ्या 436 रुपयांची कल्पना क्वचितच असते. जीवन ज्योतीमध्ये 2 लाख रुपये कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी मिळतात. फक्त नव्याने सहभागी झाल्यापासून पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने निधन झाल्यास दावा देय नसतो. दोन बँकांत दोनदा हप्ता कापला गेला असला, तरी रक्कम एकदाच मिळते.

आणखी एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कुटुंबातील सर्वांचे हप्ते पुष्कळदा कर्त्या व्यक्तीच्या एकाच खात्यातून आपोआप जात असतात. त्या व्यक्तीचे निधन होऊन खाते गोठले की पत्नीच्या आणि मुलांच्या पॉलिसींचे हप्तेही थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी, घराला विम्याची सर्वाधिक गरज असताना, त्या बंद पडतात. म्हणून पतीच्या पॉलिसीचा दावा दाखल करण्याच्या दिवशीच आपल्या स्वतःच्या पॉलिसींचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो ते पाहून नवे आदेशपत्र भरावे.

मृत्युदाव्याची रक्कम सर्वसाधारणपणे प्राप्तिकरातून मुक्त असते. ती खात्यात जमा झाली की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत बँकेचे व विम्याचे प्रतिनिधीही असतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पहिले काही महिने कोणतीही दीर्घ मुदतीची योजना घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. रक्कम अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवावी. एका बँकेत एका व्यक्तीच्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींनाच विम्याचे संरक्षण असते, हे ध्यानात घेऊन हवी तर ती विभागावी. आणि ठेवीच्या अर्जावर नामनिर्देशनाचा रकाना भरताना, जो हात यापूर्वी पतीकडे बोट दाखवून थांबत असे, त्याने आता मुलांची पूर्ण नावे, आधार कार्डावर आहेत तशीच, स्वतः लिहावीत. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते.